कोळसा खाणीवरची जमीन किती खचेल, हे परवानगीआधी कसं ठरतं?

आमच्या वाशीम जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. पायाखाली बेसाल्टचा काळा दगड, वर काळी माती. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात मिटतात. भिंतीला चिरा गेल्या तर आपण मातीला दोष देतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण शेजारच्या यवतमाळच्या वणी भागात आणि पुढे चंद्रपुरात खाली वर्धा खोऱ्याचा कोळसा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस इथं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. साठ-सत्तर फूट खोल गेल्याच्या बातम्या होत्या. माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती.

मग नव्या खाणीला परवानगी देताना हे आधी कळत नाही का? बरंचसं कळतं. आधी कोळशात गल्ल्या खणतात आणि छत तोलायला कोळशाचेच खांब ठेवतात. खोली जास्त तसे खांब मोठे. या टप्प्यात वरची जमीन फारशी हलत नाही. नंतर कोळसा मिळवायला खांबही काढले, की छत कोसळतं आणि वर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो.

त्याचा अंदाज सोपा आहे: काढलेल्या थराची जाडी गुणिले एक गुणक. थर 3 मीटर, गुणक 0.6 धरला, तर जमीन मधोमध 1.8 मीटर खाली. पोकळीत रेती भरली तर गुणक 0.1 च्याही खाली येऊ शकतो, म्हणजे 30 सेंटीमीटरच्या आत. रेती भरायला खर्च येतो, म्हणून अहवालात ‘रेती भरणार की छत पाडणार’ हे मी आधी शोधतो.

पण घर खचल्याने जेवढं मोडत नाही, तेवढं ताणाने तडकतं. बशीच्या काठाकडची जमीन ओढली जाते. हा ताण मिलिमीटर प्रति मीटरमध्ये मोजतात. वनजमिनीखालच्या प्रकल्पांत 20 ची मर्यादा वारंवार दिसते. झाडं तेवढं सोसतील असा हिशेब असतो. 10 मीटरच्या भिंतीला मात्र हाच ताण म्हणजे 20 सेंटीमीटरची फट! घरांसाठी 3 च्या आसपासचा आकडा वापरतात. त्यामुळे एकच आकडा वाचून ‘सुरक्षित’ म्हणू नका, वर जंगल आहे की वस्ती ते बघा.

खरी अडचण वेगळी आहे. हे गणित एका नव्या, नियोजित भागाचं असतं. जुन्या, उथळ खाणीत खांब झिजून किंवा छत कोसळून वर अचानक खड्डा पडतो, विशेषतः पावसात. तिथं बशी नसते, विहीर असते. जुन्या खाणीचे नकाशे अपुरे असतील तर मॉडेलला ती पोकळी दिसतच नाही.

उपग्रह मदत करतात. सेंटिनेल-1 चं रडार त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातं आणि दोन वेळच्या लहरींची तुलना करून काही मिलिमीटरचा हळू बदल पकडता येतो. 30 जुलै 2025 ला सोडलेल्या निसार उपग्रहाची एल-बँड लहर जास्त लांब आहे, म्हणून झाडझाडोऱ्यातही तिचा उपयोग होतो. दर 12 दिवसांनी निसार परत येतो. मात्र रात्रीत पडणारा खड्डा त्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पडू शकतो!

तुमच्या नातेवाइकांच्या गावात प्रस्ताव आला, तर ‘परिवेश’ पोर्टलवर अहवाल शोधा. पर्यावरणीय जनसुनावणीची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीतही मिळायला हवा. सुनावणीत विचारा: या थराच्या वर किंवा शेजारी जुनी खाण आहे का, तिचा नकाशा कोणत्या वर्षाचा आहे, आणि ती पोकळी ड्रिलिंग करून तपासली का? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.