पाचामुखी परमेश्वर, पण पंचांना शिकवणार कोण?

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. "पाचामुखी परमेश्वर" हेही ऐकत आलो. दोन्ही म्हणी शेजारी ठेवल्या की अर्थ सरळ आहे. भांडण झालं तर चार शहाण्या माणसांपुढे बसा आणि मिटवा. ठीक आहे, पण ही चार माणसं शहाणी होतात कुठे? स्वयंपाक शिकवतात, शेती शिकवतात, हार्मोनियमचेही क्लास असतात. भांडण कसं मिटवायचं ते मात्र "अंगातच असावं लागतं" म्हणून आपण मोकळे होतो. मग घरातल्या वाटणीच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा तोच मध्यस्थ! (नातेवाईक मंडळींनी कृपया हलकं घ्यावं.)

हल्ली गावोगावच्या लोकांना मध्यस्थीचं रीतसर शिक्षण द्यावं असं बोललं जातं. ऐकायला हे नवीन वाटतं, पण आपल्याकडे हा धागा बराच जुना आहे. तो कुठे तुटला आणि कुठे पुन्हा बांधला गेला हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात गोतसभेपासून. शिवकाळात आणि त्याच्या मागेपुढेही वतनाचे, वाटणीचे, शिवेचे वाद गोतापुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, मोठा वाद असेल तर देशमुख-देशपांडे आणि सरकारी अंमलदार, असे सगळे जमत. दोन्ही पक्षांच्या तकरीरी, म्हणजे जबान्या, लिहून घेत. आणि त्यांच्याकडून राजीनामा घेत. आज राजीनामा म्हटलं की नोकरी सोडण्याचा कागद डोळ्यांपुढे येतो. तेव्हा त्याचा अर्थ होता "आम्ही राजी आहोत", या सभेने जे ठरवलं ते मानू. सोबत जामीनही घेत. शेवटी महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या सह्या किंवा निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर. आपल्या गावच्या गोतावर भरवसा नसेल तर परस्थळी, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे, वाद नेण्याचीही सोय होती. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे सगळं तपशिलात आहे.

आता उगाच गोडवे नकोत. हा निव्वळ समेट नव्हता, निवाडा होता. पुरावा अपुरा पडला की उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्यही करायला लावत. जिजाबाईंसारख्या मोठ्या घरातल्या स्त्रीने निवाडे केले हे खरं, पण गावच्या पांढरीत पंच म्हणून बाई बसली आहे असं चित्र नव्हतं. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं भर सभेत चालायचं. कडेला बसलेला पोरगा ऐकायचा. कोण काय विचारतो, कोण कोणाला बोलू देतो, चिडलेल्या माणसाला कसं थांबवतात, हे त्याला दिसायचं. शाळा नव्हती, पण शिकण्याची जागा होती.

१८१८ साली पेशवाई गेली. दख्खनचा कारभार हाती आलेल्या एल्फिन्स्टनने १८१९ साली अहवाल लिहिला. पंचायत हे इथल्या न्यायाचं मुख्य साधन आहे हे त्याने ओळखलं. दोषही मोजले. पंच जमायला वेळ लागतो, त्यांना मेहनताना नाही, ठरलेलं अमलात येईल याची खात्री नाही. तरी पंचायत टिकवावी असं त्याचं मत होतं. टिकली नाही. कारण माझ्या मते साधं आहे. पंचायतीचा दाब "इथंच या" या राजाच्या आज्ञेवर होता. शेजारी कोर्टाचं दार उघडल्यावर बलवान पक्षाने पंचांपुढे यायचंच कशाला?

याची किंमत दिसायला साठेक वर्षं लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ले केले, कर्जरोखे जाळले. दंगे आजूबाजूच्या गावांत आणि नगर जिल्ह्यातही पसरले. कागद कोर्टाला समजत होता, माणूस समजत नव्हता, हे त्यामागचं एक मोठं कारण. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात समेट घडवणारी माणसं नेमायची तरतूद होती. सावकाराने आधी त्यांच्यापुढे यायचं, समेट झाला नाही तर तसा दाखला घ्यायचा आणि मगच दावा लावायचा. कल्पना फार चांगली. पण समेट घडवायचा कसा हे त्या माणसांना शिकवायचं कोणी? नेमणूक झाली म्हणजे कला आली, असं धरून चाललं. पुढे ही तरतूद काढून टाकली गेली. मला वाटतं इतिहासातला हा धडा सर्वात कामाचा आहे. पद निर्माण करता येतं, हात बसायला वेळ द्यावा लागतो.

हात बसल्याचं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. भिवंडी. १९७० आणि १९८४ साली इथे भीषण दंगली झाल्या. १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी आणि प्रतिष्ठित बसतात. इथे वस्तीतली साधी माणसं होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. बैठका दंगल पेटल्यावर नव्हे, नियमित व्हायच्या. विषय गल्लीतले, रोजच्या जगण्यातले. समोरासमोर बसून बोलण्याची सवय लागत गेली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडीत दंगल झाली नाही. एका समितीने हे साधलं असं कोणी म्हणू नये. पण रोजच्या लहान भांडणांवर केलेला रियाज मोठ्या वेळी कामाला येतो, एवढं तरी म्हणता येईल.

त्यानंतर सरकारी वाटाही झाल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेचं सुधारित कलम ८९ २००२ साली लागू झालं आणि कोर्टाला प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येऊ लागलं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीसाठी समिती नेमली आणि मध्यस्थांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण आखलं गेलं. पण त्याचा रोख मुख्यतः वकील आणि न्यायाधीशांकडे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या बसल्या, बक्षिसं ठेवली गेली. आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरणच आहे. वस्तीची शांतता बिघडवू शकेल अशा वादासाठी तीन मध्यस्थ. त्यात झालेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा सक्तीने अमलात आणता येत नाही. म्हणजे तो टिकेल तो फक्त दोघं मनापासून राजी असतील तरच. फिरून आपण त्या जुन्या राजीनाम्यापाशीच आलो की!

इथेच खरी मेख आहे. मिटवणं आणि दाबणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. "गावात एकही तंटा नाही" या पाटीमागे समाधान असू शकतं, किंवा गप्प बसवलेली एखादी सून. जातपंचायतीतही "पंच" हाच शब्द होता आणि त्याच शब्दाने माणसं वाळीत टाकली गेली. इतकी, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला आणि तो २०१७ पासून लागू झाला.

म्हणून गावात मध्यस्थीचा वर्ग भरला तर त्यात पहिल्या दिवशी हाच फरक शिकवावा, असं मला वाटतं. दोन्ही पक्ष खरंच राजी आहेत का? भरवसा नसेल तर दुसऱ्या ठिकाणी जायची मुभा आहे का? ठरलं ते लिहून, वाचून दाखवलं का? हे तिन्ही प्रश्न गोतसभेने आपल्याला दिलेले आहेत. चौथा मात्र आपल्यालाच घालावा लागेल. बैठकीत कोण बसलेलं नाही? बायका, भाडेकरू, नुकतेच राहायला आलेले, ज्यांची निशाणी कुठल्याच महजरावर नव्हती ते. आणि मारामारी वा अत्याचार झाला असेल तर "हे आमच्या बैठकीचं काम नाही" असं म्हणता येणं हाही त्याच शिक्षणाचा भाग.

तुमच्या गावात, सोसायटीत, घरात भांडण मिटवणारं माणूस कोण होतं? ते कुठे शिकलं? जमलं तर जरूर लिहा. असो, तूर्तास इतकंच.