सातपुड्याच्या वाटा कोणी पाडल्या?

(प्रकाशा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इथं येताना तापीच्या पुलावर मी पाच मिनिटं गाडी थांबवली. हवा स्वच्छ होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. ही रेघ तुम्ही जन्मापासून बघता, म्हणूनच कदाचित बघत नाही. आज मला त्या रेघेवर चढणाऱ्या वाटांबद्दल बोलायचं आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा सुरुवात प्रश्नानं करतो. डोंगरावर पहिल्यांदा कोण चढलं, हे ठरवायचं कसं?

गिर्यारोहणाच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा. १७८६ साली बाल्मा आणि पाकार हे दोघे माँ ब्लाँ शिखरावर पोचले, तिथून आधुनिक गिर्यारोहण सुरू झालं असं ते सांगतं. १८५७ साली लंडनमध्ये अल्पाइन क्लब निघाला. त्याही मागे जायचं तर इटालियन कवी पेत्रार्क याचं नाव घेतात. १३३६ च्या एप्रिलमध्ये तो फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगरावर भावाला घेऊन चढला, आणि त्यावर त्यानं एक लांबलचक पत्र लिहिलं. केवळ वरून काय दिसतं ते बघण्यासाठी चढलेला पहिला माणूस, असं त्याला पुष्कळजण म्हणतात.

आता गंमत बघा. त्याच पत्रात पेत्रार्क सांगतो की वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटला. म्हणाला, पन्नास वर्षांपूर्वी मी माथ्यापर्यंत गेलो होतो, दगड आणि काट्यांशिवाय हाती काही लागलं नाही, तुम्ही जाऊ नका. म्हणजे ‘पहिला’ चढणारा स्वतःच लिहून ठेवतो की माझ्याआधी अर्धं शतक इथं कुणीतरी येऊन गेलं! पण पत्र लिहिणाऱ्याचं नाव राहिलं, मेंढपाळाचं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की सातपुड्याचा सगळा इतिहास हा त्या मेंढपाळाचा इतिहास आहे. तो कागदावर नाही, वाटेवर आहे.

पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. पुरावा तुमच्या गावात आहे. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केलं. सगळ्यात खालच्या थरात ताम्रपाषाण काळातली, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. त्या थरांत माळव्याच्या धाटणीची रंगीत खापरं आहेत, आणि प्रवराकाठच्या जोर्वे धाटणीचीही आहेत. माळवा कुठे? सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे. जोर्वे कुठे? खाली नगर जिल्ह्यात. दोन्हीकडची कला तापी-गोमाईच्या संगमावर भेटली. मडकं आपल्या पायानं चालत नाही. ते घडवणारी, नाहीतर वाहून आणणारी माणसं चालतात. पूर्वेला बऱ्हाणपूर-असीरगडची खिंड, मध्ये सेंधव्याचा घाट, आणि अधेमधे असंख्य पायवाटा. आपण सातपुड्याला भिंत म्हणतो खरं, पण तिला दारं फार जुनी आहेत.

त्या दारांच्या किल्ल्या डोंगरात राहणाऱ्यांकडे होत्या. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की मैदान आपलं झालं, डोंगर नाही. भिल्लांना पकडायला पाठवलेल्या फौजा वाट चुकत, तापानं आजारी पडत. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभी केली. यात शौर्याइतकाच वाटांचा हिशेब होता. खाज्या नाईक हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. सेंधवा घाटाची राखण त्यांच्याकडे होती. १८५७ साली तेच उठावात उतरले, आणि ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. घाट ज्याच्या पायाखालचा, त्याच्या हातात सत्ता! पण सरकारी कागदात या माणसांची नोंद बंडखोर म्हणून झाली. वाटा जाणणारे म्हणून त्यांची नोंद कुणी केली नाही.

आता अस्तंब्याकडे येतो. उंची सुमारे १३२५ मीटर. कळसूबाईपेक्षा कमी, हे खरं. पण आपण चढायला सुरुवात करतो ती तापीकाठच्या सखल मैदानातून, त्यामुळे चढ हजार मीटरहून जास्त पडतो. धनत्रयोदशीला यात्रा निघते. तळोद्याहून कोठार, मग देवनदी, असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा, भीमकुंड आणि माथा. रात्रीच्या अंधारात उजेडांची रांग डोंगर चढताना दिसते. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात.

मी विशीत असताना मित्रांबरोबर गेलो होतो. कॉलेजचा तोरा होता. नुकतीच एव्हरेस्टची पुस्तकं वाचली होती. रांगेतून चालायचं कशाला, म्हणून आम्ही एका सोंडेवरून आडवाट धरली. तासाभरात घसाऱ्यावर अडकलो. वरही जाता येईना, खालीही येता येईना. पाणी संपलं. खालच्या पाड्यावरचे एक पावरा आजोबा गुरं शोधत तिकडे आले. त्यांनी आम्हाला हाताला धरून मूळ वाटेवर आणलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “तेल आणलं का?” आमच्याकडे नकाशा होता, दोरी होती, बिस्किटं होती. तेल नव्हतं.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला जातो आणि तीन हजार वर्षं एकटं भटकण्याचा शाप त्याला मिळतो. लोकांनी त्यात आपली भर घातली. ती जखम अजून भरलेली नाही, तो डोंगरात फिरतो आणि येणाऱ्याकडे जखमेसाठी तेल मागतो. झोपलेल्या पोरांना मारणारा हा माणूस. तरी त्याच्या जखमेला तेल द्यायला हजारो लोक रात्रभर चढतात. मी नीतिशास्त्र शिकवायचो तेव्हा क्षमेवरच्या तासाला हेच उदाहरण द्यायचो. आम्ही शिखर सर करायला निघालो होतो. आजोबांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. वर कुणीतरी दुखणाईत आहे, त्याला भेटायला जायचं, तर रिकाम्या हातानं कसं जायचं?

आजोबांचं नाव मी विचारलं नाही. पेत्रार्कनं मेंढपाळाचं लिहिलं नाही, मीही नाही. ही चूक मला अजून टोचते.

आता चिंतेची गोष्ट. वाट ही मोठी नाजूक चीज आहे. मंदिर शंभर वर्षं बंद राहिलं तरी दगड राहतात. वाट दोन-चार पावसाळे कुणी तुडवली नाही, तर गवत तिला खाऊन टाकतं. नर्मदेकडची बाजू बघा. सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं, आणि त्याबरोबर नदीकाठच्या परिक्रमेच्या वाटाही गेल्या. काही परिक्रमावासी धडगाव-मोलगीच्या डोंगरातून जातात, बरेचजण शहाद्यावरून फिरून तुमच्या प्रकाशात मुक्कामाला येतात. त्यांना तुम्ही भाकरी देता, ती द्याच. पण तुमच्या अंगणात नर्मदेचा वाटसरू का आला, हेही मुलांना सांगा. त्याची वाट बुडाली म्हणून तो आला.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. रस्ते हवेतच. बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, तिथं पायवाटेचं कौतुक करणं हा शहरी निर्दयपणा आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणारी भाविकांची गाडी चांदसैली घाटात दरीत कोसळली आणि तरुण पोरं गेली. मालाच्या गाडीत माणसं कोंबून घाट उतरणं ही भक्ती नाही. रस्ता सुरक्षित करा, गाड्यांवर लक्ष ठेवा, आणि ज्यांना चालता येतं त्यांनी चाला.

शेवटची विनंती या पोरांना. तुमच्या खिशात मोबाइल आहे. येत्या दिवाळीला अस्तंब्याला जा, महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथाच्या यात्रेला जा. वाटेतल्या प्रत्येक झऱ्याचं, खिंडीचं, सोंडेचं नाव पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पावरी, भिलोरी, जशी त्यांची बोली असेल तशीच नावं लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. आणि खाली सांगणाऱ्याचं नाव लिहा, अर्थात त्याची परवानगी घेऊन. मला पन्नास वर्षांपूर्वी जे सुचलं नाही, ते तुम्ही करा.

आणि हो, जाताना तेल न्यायला विसरू नका.