‘फोर लायन्स’ : कोण हसलं, कोण थांबलं?

जानेवारी २०००. येमेनमधल्या एडन बंदरात अल-कायदाच्या काही माणसांनी रात्रीच्या अंधारात एक छोटी बोट पाण्यात लोटली. बंदरात आलेल्या ‘द सलिव्हन्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर ती नेऊन आदळायची, असा बेत होता. पण बोटीत स्फोटकं इतकी कोंबली होती की नौकेपर्यंत पोचण्याआधीच ती बुडाली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्याच बंदरात, त्याच पद्धतीने ‘यूएसएस कोल’वर हल्ला झाला. या वेळी बोट बुडाली नाही. १७ खलाशी मारले गेले.

ब्रिटिश व्यंगकार ख्रिस मॉरिस दहशतवादावर वाचन करत होता, तेव्हा त्याला बुडालेल्या बोटीची हकीकत सापडली आणि हसू आलं. आलेल्या हसण्याची लाज बाळगण्याऐवजी त्याने त्याचा पाठपुरावा केला. तीन वर्षं तो पोलीस, गुप्तचर, दहशतवादाचे अभ्यासक, इमाम आणि साधे मुसलमान यांना भेटत राहिला. त्यातून २०१० मध्ये ‘फोर लायन्स’ हा सिनेमा आला.

सिनेमा कसा आहे, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे बोलायचंय ते पाहणाऱ्यांबद्दल. या सिनेमाला कोण घाबरलं, कोण दुखावलं, कोण हसलं, याचा हिशेब मांडला तर मुसलमानांच्या ‘दुखावणाऱ्या भावनां’विषयीचे बरेच समज तपासून घ्यावे लागतात.

आधी गोष्ट

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरातले काही तरुण आत्मघाती हल्ला करायचं ठरवतात. ओमर मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहे. घरी समजूतदार बायको, लहान मुलगा. मुलाला झोपवताना तो ‘लायन किंग’ची गोष्ट जिहादच्या साच्यात बसवून सांगतो. त्याचा मित्र वाज इतका भाबडा की त्याच्या वतीने विचार करायचं कामही ओमरकडेच. फैजल कावळ्यांना बॉम्ब घेऊन उडायला शिकवतोय. बॅरी हा धर्मांतरित गोरा, आणि साहजिकच सगळ्यांत कडवा. मशिदीतच बॉम्ब फोडू, म्हणजे मवाळ मुसलमान पेटून उठतील, ही त्याची योजना. मारामारीत तू स्वतःच्याच तोंडावर ठोसा मारशील का, असं ओमर विचारतो, तर बॅरी खरोखर तसा ठोसा मारून दाखवतो. पुढे हसन नावाचा रॅप करणारा विद्यार्थी त्यांना येऊन मिळतो.

शेवट लंडन मॅरेथॉनमध्ये होतो. धावणारे हौशी लोक विचित्र वेश घालून आलेले असतात, त्या गर्दीत हेही वेश करून घुसतात. एव्हाना आपण या मूर्खांच्या प्रेमात पडलेले असतो आणि ते माणसं मारायला निघालेले असतात. सिनेमा आपल्याला नेमका या कोंडीत आणून सोडतो.

घाबरलं कोण?

७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये झालेल्या स्फोटांत ५२ लोक मारले गेले. मृतांमध्ये मुसलमानही होते. चार हल्लेखोरांपैकी तिघे लीड्स आणि आसपासचे. त्यांचा म्होरक्या एका प्राथमिक शाळेत सहायक म्हणून काम केलेला. अशा देशात, इतक्या लवकर, या विषयावर विनोद करायला पैसे कोण देणार? बीबीसीने नकार दिला. चॅनल फोरनेही दिला. विषय फार वादग्रस्त आहे, असं कारण होतं. मग मॉरिसने चाहत्यांना पत्र पाठवलं की २५ ते १०० पौंड द्या, बदल्यात गर्दीच्या दृश्यात उभे राहा. अखेर २००८ मध्ये ‘फिल्म फोर’ आणि ‘वॉर्प फिल्म्स’ यांनी पैसे उभे केले. गंमत अशी की फिल्म फोर ही चॅनल फोरचीच सिनेशाखा. २००९ मध्ये शेफील्डमध्ये चित्रीकरण सुरू झालं.

‘वादग्रस्त’ या शब्दाआड सहसा ‘मुसलमान भडकतील’ हे वाक्य दडलेलं असतं. मार्च २०१० मध्ये ब्रॅडफर्डच्या चित्रपट महोत्सवात सिनेमा दाखवला गेला, तेव्हा तर ही शंका घ्यायला जागाच होती. १४ जानेवारी १९८९ रोजी याच ब्रॅडफर्डमध्ये ‘सॅटनिक व्हर्सेस’ची प्रत जाळली गेली होती. त्या एका छायाचित्राने ब्रिटिश मुसलमानांची प्रतिमा पुढची कित्येक वर्षं ठरवून टाकली. या वेळी त्या शहरात काहीच जळलं नाही. ७ मेपासून सिनेमा देशभर लागला. पहिल्या आठवडाअखेरीस ११५ पडद्यांवर सहा लाख पौंडांहून अधिक कमाई झाली आणि पुढच्या आठवड्यात पडदे दोनशेवर गेले.

ओमरची भूमिका करणारा रिझ अहमद स्वतः पाकिस्तानी वंशाचा ब्रिटिश मुसलमान. २००६ मध्ये ‘द रोड टू ग्वांतानामो’ या सिनेमाला बर्लिन महोत्सवात पुरस्कार मिळाला. तिथून परतताना ल्यूटन विमानतळावर पोलिसांनी त्याला अडवून चौकशी केली होती. म्हणजे कैद्याची भूमिका केली, म्हणून संशयित. ग्वांतानामोत प्रत्यक्ष कैद भोगून आलेले मोअज्जम बेग यांना मॉरिसने ‘फोर लायन्स’ची पटकथा वाचायला दिली. ब्रिटिश मुसलमानांना दुखावणारं यात काही नाही, असं त्यांनी कळवलं. पुढे सिनेमाही त्यांना आवडला.

मला यात आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे मुल्ला नसरुद्दीनचे किस्से ऐकत पिढ्या वाढल्या. मोहल्ल्यात अर्धवट ज्ञानावर फतवे झाडणारा एखादा तरी बॅरी असतोच आणि त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करणारी पोरंही असतात. सिनेमातल्या माणसांना धर्म कळत नाही, हाच तर तिथला विनोद. मशिदीत जाणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो. बाहेरच्याला कदाचित ओमर आणि इमाम यांतला फरकच ठाऊक नसतो, म्हणून तो आपल्या वतीने दुखावून घेतो.

खरोखर दुखावले ते

तरीही सगळेच हसले असं नाही. ७ जुलैच्या स्फोटांत मुलगा गमावलेल्या एका वडिलांनी सिनेमागृहांनी हा सिनेमा दाखवू नये, असं आवाहन केलं. त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही, मॉरिसलाही नाही. चार्ली चॅप्लिनने १९४० मध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये हिटलरची टर उडवली; पण छळछावण्यांची खरी भीषणता तेव्हा ठाऊक असती तर हा सिनेमा काढू शकलो नसतो, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. म्हणजे हसण्यालाही अंतर लागतं. ते अंतर किती असावं, हे ज्याच्या घरातला माणूस गेला त्यानेच ठरवायचं.

एक आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. ओमरच्या बायकोला नवऱ्याचा बेत माहीत आहे. ती नर्स आहे, हसतमुख आहे, आणि तिला तो मान्य आहे. जी माणसं सर्वांत आधुनिक, प्रेमळ दिसतात तीच मरणाला निघालेली आहेत, हे मॉरिसचं निरीक्षण. पण शेजारच्या मुस्लिम कुटुंबाकडे आधीच संशयाने बघणारा प्रेक्षक यातून काय घेऊन घरी जाईल? ‘चांगली वाटतात, पण काय सांगावं’, हेच ना? ही भीती खोटी ठरवणारं उत्तर सिनेमात आहे, पण ते पकडायला लक्ष द्यावं लागतं. ते उत्तर म्हणजे ओमरचा भाऊ.

हसू जिथे थांबतं

अहमद दाढीवाला, कर्मठ. परक्या बाईबरोबर एका खोलीत थांबायला तयार नाही. ओमर आणि त्याची बायको त्याची यथेच्छ थट्टा करतात, प्रेक्षकही करतात. पण हिंसेला ठाम नकार देणारा सिनेमातला एकमेव धार्मिक माणूस तोच. भावाला समजवायला तोच येतो. आणि पोलीस धाड घालतात ती कुणावर? अहमदवर. शेवटी तो एका बंद कंटेनरमध्ये चौकशीला बसलेला दिसतो. दाढी नसलेला ओमर कुणाला दिसतच नाही.

मॅरेथॉनमध्ये पोलिसांचे नेमबाज अस्वलाच्या वेशातल्या माणसाला टिपायला निघतात आणि केसाळ वेशातल्या दुसऱ्याच धावपटूला मारतात. मग तो वेश अस्वलात मोडतो की नाही, यावर वाद घालत बसतात. ब्रिटिश प्रेक्षकाला इथे कोण आठवलं असेल, ते सांगायला नको. २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी ज्याँ शार्ल दी मेनेझेस या ब्राझिलियन इलेक्ट्रिशियनला दहशतवादी समजून गोळ्या घातल्या. २००७ मध्ये पोलीस दलाला दंड झाला, एक लाख ७५ हजार पौंड. कायदा कुठला लावला? कामाच्या ठिकाणच्या आरोग्य आणि सुरक्षिततेचा. मॉरिसला असं काही सुचलं असतं, तर लोक म्हणाले असते की अतिशयोक्ती झाली.

आम्ही चार मित्रांनी हा सिनेमा पुण्यात भाड्याच्या खोलीवर लॅपटॉपवर पाहिला. तासभर पोट धरून हसत होतो. मग एकजण उठला आणि आवाज कमी करत म्हणाला, “भिंती पातळ आहेत रे, शेजारी काय समजतील?” बाकीचा सिनेमा आम्ही खाली इंग्रजी अक्षरं वाचत पाहिला. चौघांत मी एकटाच मुसलमान नव्हतो, सगळेच होतो. म्हणून कुणी त्याला ‘का’ असं विचारलं नाही.

सिनेमात बॅरी सगळ्यांना मोबाइलमधली सिमकार्डं गिळायला लावतो. ते पाहताना मला बंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ आठवले. ग्लासगो विमानतळावरच्या हल्ल्यानंतर जुलै २००७ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियात अटक झाली. इंग्लंड सोडताना आपलं सिमकार्ड एका नातेवाइकाला वापरायला देऊन आले होते, हा त्यांचा गुन्हा. महिनाभराच्या आत आरोप मागे घ्यावे लागले. आपल्या मालेगावात तर सप्टेंबर २००६ च्या शब-ए-बारातला कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मेले मुसलमान आणि पकडलेही मुसलमानच. त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केलं तेव्हा २०१६ साल उजाडलं होतं. अहमदचा कंटेनर आम्हाला शेफील्डहून बराच जवळ वाटला, तो यामुळे.

सिनेमानंतरचा सिनेमा

२०११ मध्ये मॉरिसला पदार्पणासाठीचा बाफ्टा मिळाला. पण माझ्या मते सिनेमाला खरी पावती मिळाली ती न्यायालयात. फेब्रुवारी २०१३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तीन तरुणांना आत्मघाती हल्ल्याच्या कटात दोषी ठरवण्यात आलं. त्यांनी मुस्लिम मदतसंस्थेच्या नावाने लोकांकडून जकात-खैरातीचे पैसे गोळा केले आणि त्यातले बरेचसे परकीय चलनाच्या सट्ट्यात घालवले. पोलिसांच्या ध्वनिमुद्रणात त्यांच्यातला एक ‘फोर लायन्स’चं नाव घेऊन, आपल्यात एक जण कमी आहे, असा विनोद करताना सापडला. त्यांनी आणखी चार पोरं प्रशिक्षणाला पाकिस्तानात पाठवली होती. घरच्यांना समजलं आणि त्यांनी ती परत बोलावली. या चौघांच्या घरच्यांवर कुणी सिनेमा काढला नाही, पण एडनची बोट बुडवणारं ओझं असतं तसं काहीसं काम त्यांनी केलं.

आता एक तुलना. २०१२ मध्ये बीबीसीवर ‘सिटिझन खान’ ही निरुपद्रवी घरगुती विनोदी मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात शेकडो तक्रारी आल्या. त्यात वडिलांची चाहूल लागताच मुलगी घाईघाईने हिजाब ओढून कुराण वाचायचं सोंग करते, हे अनेकांना खटकलं. आत्मघाती हल्लेखोरांवर हसणारा समाज एका पोरीच्या सोंगावर चिडला. यावर टीका करता येईल, मीही करतो. पण यातून एवढं तर दिसतं की बॉम्ब बांधणाऱ्याला आपला मानून त्याच्या बाजूने कुणी भांडायला उठलं नाही. आपली वाटली ती घरातली मुलगी.

सिनेमा मिळाला तर जरूर पाहा. शक्य असेल तर मुसलमान आणि बिगरमुसलमान मित्रमैत्रिणी एकत्र बसून पाहा, आणि आवाज कमी करू नका. कोण कुठे हसतं आणि कोण कुठे गप्प होतं, त्याकडे लक्ष ठेवा. सिनेमा संपल्यावर गप्पा तिथूनच सुरू करा.