लिनक्स: हौशींचं की पगारदारांचं?

रिकाम्या वेळात काम करणाऱ्या हौशी मंडळींनी लिनक्स उभं केलं, असं आपण ऐकत आलोय. सुरुवात तशीच होती. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकीतले विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी हा आपला छंद असल्याचंच जाहीर केलं होतं.

पण १९९२ साली त्यांनी जीपीएल परवाना स्वीकारला आणि लिनक्सवर पैसे कमावण्याची आधीची बंदी उठली. पुढे रेड हॅटसारख्या कंपन्यांनी कर्नल लिहिणारी माणसं पगारावर ठेवली. २००१ या एका वर्षासाठी आयबीएमनं एक अब्ज डॉलर खर्चाची घोषणा केली. लिनक्स फाउंडेशनच्या २०१५च्या अहवालानुसार कर्नलचं ८० टक्क्यांहून अधिक काम पगारी प्रोग्रामर करत होते.

मग हौशी माणसाचं काय झालं? २००७चं उदाहरण बघा. कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. प्रोसेसरवर कोणता प्रोग्राम कधी चालेल हे ठरवणारा भाग म्हणजे शेड्युलर. घरगुती संगणक अडखळू नये म्हणून त्यांनी तो नव्यानं लिहिला. कर्नलमध्ये गेला मात्र रेड हॅटच्या इंगो मोल्नार यांचा शेड्युलर. मोल्नार यांनी कोलिवास यांना श्रेय दिलं. तरी कोलिवास काम सोडून गेले. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं, की तक्रारी आल्यावर दुरुस्ती करत राहणारा माणूस हवा, आणि तो भरवसा त्यांना मोल्नार यांच्यावर होता.

दोघांचंही खरं आहे, बरं का. पगारामुळे लिनक्स टिकलं. पण जी अडचण कुठल्याच कंपनीची नाही, ती सोडवायला वेळ कोण देणार? कोड खुला असतो. वेळ मात्र कुणीतरी विकत घेतलेला असतो.