पंचामुखी परमेश्वर? : बेसबॉलमधील निर्णयाचा इतिहास

इंग्रजीतील ‘अंपायर’ या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. ‘नोंपेर’ म्हणजे ज्याला जोड नाही असा. दोघांच्या वादातला तिसरा. इंग्रजीत येताना ‘अ नंपायर’चे ‘अॅन अंपायर’ झाले आणि आरंभीचा ‘न’ गळून पडला. आपला ‘पंच’ही विषम संख्येतूनच आला, हे लक्षणीय आहे. पंचाचा शब्द अंतिम का मानायचा, या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासाठी अमेरिकेतील बेसबॉलसारखे दुसरे क्षेत्र आम्हांस दिसत नाही.

या खेळात चेंडू फेकणारा पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. घरच्या बेसची रुंदी सतरा इंच. त्या बेसवर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक काल्पनिक चौकट मानलेली असते. फलंदाजाने न टोलवलेला चेंडू तीतून गेला तर ‘स्ट्राइक’, नाहीतर ‘बॉल’. ही चौकट कोठेही आखलेली नसते आणि निर्णय मात्र क्षणार्धात द्यावा लागतो. 1876 साली नॅशनल लीग स्थापन झाली, तेव्हा हे सारे एकट्या पंचाकडे असे. त्याची पाठ वळताच खेळाडू बेस चुकवून धावत. प्रेक्षकांचा रोषही त्यालाच सोसावा लागे. 1901 पासून अमेरिकन लीगचे प्रमुख बॅन जॉन्सन यांनी पंचांच्या पाठीशी उभे राहण्याचे धोरण ठेवले. 1905 ते 1941 पर्यंत नॅशनल लीगमध्ये पंचगिरी करणाऱ्या बिल क्लेम यांनी या पदाला दरारा मिळवून दिला. 1953 साली टॉम कॉनोली यांच्यासह ते ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. हा मान मिळालेले ते पहिले दोन पंच होत.

तीन पंचांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पहिला म्हणतो, जे असते तेच मी सांगतो. दुसरा म्हणतो, मला दिसते ते सांगतो. तिसरा म्हणतो, मी सांगेपर्यंत ते काहीच नसते. साहित्याच्या अभ्यासकांना यात अर्थनिर्णयनाचा जुना वाद ओळखू येईल. समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी 1996 साली, सोकल प्रकरणाच्या चर्चेत, बेसबॉलचाच दाखला दिला होता. स्ट्राइक निसर्गात नसतो, तो माणसांनी रचलेला असतो, आणि तरीही तो खरा असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाची कसोटी 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमध्ये लागली. पिचर आर्मांदो गालारागा यांनी क्लीव्हलँडचे सलग सव्वीस फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला असता, तर तो दुर्मीळ ‘परफेक्ट गेम’ ठरला असता. चेंडू पहिल्या बेसवर फलंदाजाच्या आधी पोहोचला होता. पंच जिम जॉइस यांनी मात्र त्याला ‘सेफ’ ठरवले. सामन्यानंतर चित्रफीत पाहून जॉइस यांनी चूक मान्य केली आणि गालारागा यांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी गालारागा स्वतः संघाची यादी घेऊन त्यांच्याकडे आले, तेव्हा जॉइस यांना अश्रू आवरले नाहीत. आयुक्तांनी निर्णय बदलला नाही. सत्य सर्वांना ठाऊक आहे; नोंद मात्र वेगळे सांगते.

त्यानंतर यंत्राची कक्षा वाढली. 2008 पासून केवळ होमरनपुरते असलेले चित्रफितीचे पुनरावलोकन 2014 मध्ये विस्तारले आणि 2026 च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयालाही यंत्राकडे आव्हान देण्याची मुभा मिळाली. जॉइस यांच्यासारखी चूक आता सुधारता येते, हे स्वागतार्हच आहे. पण यंत्र मोजते ती चौकट कोणाची? फलंदाजाच्या उंचीच्या 27 टक्क्यांपासून 53.5 टक्क्यांपर्यंत, हे माणसांनीच ठरवले. म्हणजे यंत्र चेंडूची जागा सांगते. स्ट्राइक म्हणजे काय, हे अजूनही माणसांच्या संमतीवरच ठरते. पंचाच्या शब्दाला वजन होते ते तो अचूक होता म्हणून नव्हे, तर त्या शब्दाचे उत्तरदायित्व घेणारे कोणी समोर उभे होते म्हणून. अचूकतेसोबत हे उत्तरदायित्व कोणाकडे गेले, हा प्रश्न मैदानापुरता नाही, असे आम्हांस वाटते.