नरक्या

नरक्या (शास्त्रीय नाव: नोथापोडायटिस निमोनियाना) हे आयकेसिनेसी कुलातील, सदाहरित व निमसदाहरित जंगलांत मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे मोठे झुडूप किंवा लहान वृक्ष आहे. मराठीत त्याला अमृता, गानेरा व कळगूर अशीही नावे आहेत. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्पटोथेसिन हे अल्कलॉइड या वनस्पतीत आढळते. त्यामुळे तिची मोठ्या प्रमाणावर तोड झाली असून जंगलातील तिची नोंद व संरक्षण यांसाठी अचूक ओळख आवश्यक ठरते. फुले व फळे वर्षातील काही महिनेच असल्याने ही ओळख बहुधा पानांवरून करावी लागते.

नाव व वर्गीकरण

जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींच्या १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत या वनस्पतीचा समावेश प्रेम्ना प्रजातीत केला होता. पुढे ती मॅपिया फोएटिडा या नावाने ओळखली जाऊ लागली व जुन्या ग्रंथांत हेच नाव आढळते. ‘फोएटिडा’ म्हणजे दुर्गंधी. फुलांना येणाऱ्या घाण वासावरून हे नाव पडले. ‘नरक्या’ या मराठी नावाचा संबंधही त्याच वासाशी जोडला जातो.

आढळ

नरक्या पश्चिम घाटात सर्वत्र विखुरलेला असून ईशान्य भारत, श्रीलंका, म्यानमार व थायलंड येथेही आढळतो. महाराष्ट्रात महाबळेश्वर, कोयना व आंबोली परिसरांतील जंगलांत तो दिसतो. त्याची उंची साधारणतः ३ ते ८ मीटर असते.

पानांवरून ओळख

केवळ एका लक्षणावरून नरक्या निश्चित करता येत नाही. पुढील लक्षणे एकत्र आढळल्यास ओळख बरीच खात्रीची होते.

• मांडणी: पाने साधी व एकाआड एक असतात. ती खोडावर सर्पिल क्रमाने येतात आणि फांद्यांच्या टोकांशी दाटीने एकवटलेली दिसतात.
• देठ: देठ लांब, साधारणतः ३ ते ६ सेंमी. असतो. देठाच्या बुडाशी उपपर्णे नसतात.
• पाते: पाते १० ते २४ सेंमी. लांब, रुंद अंडाकृती ते लंबगोल असते. टोक एकदम निमुळते होते. कडा अखंड असते. तिला दाते नसतात.
• तळ: पात्याचा तळ पुष्कळदा असमान असतो, म्हणजे मध्यशिरेच्या दोन बाजू देठावर वेगवेगळ्या उंचीवर उतरतात. हे लक्षण उपयुक्त असले, तरी प्रत्येक पानावर ते स्पष्ट नसते. म्हणून एकाच फांदीवरील अनेक पाने पाहावीत.
• शिरा: मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस उपशिरांच्या साधारणतः ८ ते १० जोड्या असतात.
• पृष्ठभाग: वरची बाजू गुळगुळीत असते. खालच्या बाजूस, विशेषतः शिरांवर, विरळ लव असते.

पानांसोबत फांदीही पाहावी. कोवळ्या फांद्या किंचित कोनयुक्त असून त्यांवर वल्करंध्रे आणि गळून गेलेल्या पानांचे ठळक व्रण दिसतात.

साम्य असलेल्या वनस्पती

त्याच जंगलातील अनेक झुडपे पानांच्या मांडणीवरूनच वगळता येतात. कारवीची पाने समोरासमोर व दातेरी असतात. अंजनीची पानेही समोरासमोर येतात. ती आकाराने लहान असून त्यांच्या उपशिरा अस्पष्ट असतात. ज्या प्रेम्ना प्रजातीत ग्रॅहॅम यांनी नरक्या ठेवला होता, तिच्यातील वनस्पतींची पानेही समोरासमोर असतात.

फांदीच्या टोकाशी पाने एकवटणाऱ्या वनस्पतींबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. रामेठ्याची पाने अरुंद व जवळजवळ बिनदेठाची असतात. पिसा या दालचिनीच्या कुलातील वृक्षाची पाने झुपक्यांनी येतात. मात्र ती खालून पांढुरकी असतात व त्यांचा तळ समान असतो.

फुले व फळे

शक्य असेल तेव्हा पानांवरून केलेली ओळख फुलाफळांवरून पडताळावी. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांवर लहान, पिवळसर पांढऱ्या, दुर्गंधीयुक्त फुलांचे गुच्छ येतात. फळ आठळीयुक्त, लांबट व सुमारे २ सेंमी. पर्यंत असते. पिकल्यावर ते जांभळट काळे होते व त्यात एकच बी असते.

औषधी महत्त्व व संवर्धन

मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी १९६६ साली कॅम्पटोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन वेगळे केले. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा होता. १९७२ साली टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी हेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. पेशीविभाजनास आवश्यक असलेल्या टोपोआयसोमरेज-१ या विकराचे कार्य ते रोखते. त्यापासून विकसित केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे द्रव्य प्रामुख्याने मूळ, खोड व साल यांतून काढले जाते. पाने तोडल्यास झाड पुन्हा फुटू शकते. परंतु मुळांसाठी ते उपटल्यास संपूर्ण झाड नष्ट होते. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पट्ट्यात नरक्याच्या अवैध तोडीचे प्रकार उघडकीस आले आहेत. कॅम्पटोथेसिन मूळ स्वरूपात विषारी असल्याने या वनस्पतीचा घरगुती औषध म्हणून वापर करणे धोक्याचे आहे. ओळखीसाठी झाडाची साल सोलण्याची वा रोप उपटण्याची गरज नसते. पानांची मांडणी, देठ, तळ व खालची बाजू यांची छायाचित्रे घेणे त्यासाठी पुरेसे ठरते.