दफनभूमींचा वारसा आणि नगरशासन : बाळकुम ते शिवडी

प्रस्तावना

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा जुन्या नगरपालिकेच्या हद्दीला लगतची ३२ गावे जोडण्यात आली. बाळकुम, माजिवडे, कोलशेत, ढोकाळी ही खाडीकाठची गावे याच प्रक्रियेत शहरात आली. गाव शहरात येते तेव्हा त्याचे रस्ते, विहिरी आणि तलाव यांबरोबर त्याचे मृतांचे ठिकाणही शहराच्या कारभारात येते. महसूल दप्तरात ही जागा म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवलेली जमीन होय. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र तेथे त्यांची वंशावळ असते. हा फरक नगरशासनाच्या ध्यानात कधी आला व कधी आला नाही, याचा मागोवा प्रस्तुत लेखात मुंबई-ठाणे परिसरापुरता घेतला आहे.

कायद्याची दृष्टी

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत दहाव्या क्रमांकावर दफन व दहनभूमी हा विषय आहे आणि बाराव्या क्रमांकावर राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली प्राचीन स्मारके आहेत. दोन्ही विषय राज्याचे, एकाच सूचीतले. तरी त्यांची खाती वेगळी पडली. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी व विद्युतदाहिन्या नगरपालिकांकडे स्पष्टपणे सोपविण्यात आल्या. स्मारकांचे जतन तेथे त्या शब्दांत आलेच नाही; सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाच्या मोघम नोंदीत ते शोधावे लागते. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही, म्हणजे आजच्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातही, मृतांच्या विल्हेवाटीची स्थळे हा मुळात सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे. त्यामुळे अधिकाऱ्यापुढे कुंपण, पाणी, दिवाबत्ती व दफनाची नोंदवही एवढेच प्रश्न येतात. दोनशे वर्षांपूर्वीचा शिलालेख त्याच्या नोंदवहीत बसत नाही.

हा दोष अधिकाऱ्यांच्या अनास्थेचा मानणे सोपे असले, तरी ते पुरेसे नाही. रोगराईच्या भीतीतून जन्मलेल्या एकोणिसाव्या शतकातील नगरशासनाचा हा वारसा आहे.

मुंबईचा अनुभव

इंग्रजांची मुंबईतील पहिली दफनभूमी मेंढम्स पॉइंट येथे होती. सतराव्या शतकातील प्रवासी जॉन फ्रायर याने तिचा उल्लेख केला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ल्याच्या तटबंदीची गरज पुढे आली आणि दफनाचे स्थान सोनापूरकडे सरकले. मेंढम्स पॉइंटच्या परिसरात पुढे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची इमारत (१८७६) उभी राहिली. आज तेथे महाराष्ट्र पोलीस मुख्यालय आहे. आरंभीच्या इंग्रज वसाहतीतील माणसांची एकही कबर त्या ठिकाणी आज पाहावयास मिळत नाही. सुरतेला मात्र ऑक्सेंडन बंधूंची भव्य थडगी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे टिकून आहेत. वखार गेली, व्यापार गेला, थडगी राहिली. वाढत्या शहराने आपल्या मृतांना जागा दिली नाही आणि मागे पडलेल्या शहरात ते तग धरून राहिले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

सोनापूरचीच दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. तेथील हिंदू स्मशान शिवडीला हलविण्याचा सरकारचा विचार होता. नाना शंकरशेट यांनी त्यास विरोध केला आणि स्मशान जागच्या जागी राहिले. मृतांच्या जागेसाठी लोकमत संघटित झाल्याचे हे मुंबईतील ठळक उदाहरण होय. नानांचा लढा वारसा वाचविण्यासाठी नव्हता, तो लोकांच्या सोयीसाठी आणि हक्कासाठी होता. जतनाची चळवळ बहुधा अशाच व्यावहारिक हक्कातून उभी राहते.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर असताना, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या जुन्या बागेच्या जागी सुरू झाली. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचे (१८९३) वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांना येथेच पुरले. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) यांचीही कबर येथे आहे. टिळकांचे सहकारी काका जोसेफ बाप्टिस्टा (१८६४-१९३०) यांचेही हेच विश्रांतिस्थान. बाप्टिस्टांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील उत्तनचे. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. ज्यांनी महापालिकेची इमारत घडविली आणि ज्यांनी तिचा कारभार पाहिला, ते एकाच आवारात विसावले आहेत. तरीही अशा भूमीत दररोज दफन चालू असते, जागा अपुरी असते आणि तात्पुरत्या कबरी ठरावीक मुदतीनंतर पुन्हा उकरल्या जातात. जिवंत दफनभूमीचे जतन हे मृत स्मारकाच्या जतनाहून अवघड आहे. खडकीच्या युद्धस्मशानाशी तिची तुलना करणे त्यामुळेच न्याय्य ठरत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे कायमचा निधी आहे आणि तेथे नव्या दफनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

ठाणे-कल्याण

ठाण्याचे मृतांशी नाते फार जुने आहे. १३२१ मध्ये येथे मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंचे अवशेष जॉर्डानसने सोपाऱ्यास पुरले आणि काही वर्षांनी ओडोरिक ते चीनला घेऊन गेला. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी पवित्र केलेले सेंट जेम्स चर्च आणि बेने इस्रायलींचे १८७९ चे शार हाशामाईम सिनेगॉग यांतून शहराचा बहुविध इतिहास दिसतो. १९४८ नंतर बेने इस्रायली कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. त्यामुळे त्यांच्या कबरींची देखभाल येथे राहिलेल्या थोड्या लोकांवर पडली. कल्याणला शेणाळे तलावाजवळ मोगल अंमलदार मातबरखानाची कबर आहे. गॅझेटियरने त्याला शहाजहानचा मंत्री म्हटले, तर इतिहासकारांना तो औरंगजेबाच्या काळात, १६८९ च्या सुमारास, कोकणात लढलेला सरदार म्हणून परिचित आहे. ओळखीचाच असा घोळ असेल, तर संरक्षणाची पाटी काय लिहावी हाही प्रश्न उरतो.

मालकीचा गुंता याहून मोठा आहे. कब्रस्ताने वक्फ कायद्याखाली (१९९५, सुधारणा २०२५), चर्चच्या दफनभूमी धर्मप्रांत वा विश्वस्तांकडे आणि गावठाणातील जागा महसूल व महापालिकेकडे आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम २२ विकास आराखड्यात ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद करू देते. मुंबईत १९९५ पासून श्रेणीनिहाय वारसा नियम आहेत आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. साधन आहे, परंतु यादीत नाव चढविल्याखेरीज नियम लागू होत नाही आणि यादी करणाऱ्यांची नजर प्रथम इमारतींकडे जाते. कबर ही जमिनीलगतची, बुटकी वस्तू. शिवाय केंद्रीय संरक्षण मिळाले, की शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई होते. बाळकुमसारख्या, उंच इमारतींनी वेढलेल्या भागात ही अट जमीनमालकांना परवडत नाही, म्हणून स्थानिक प्रतिनिधी असा प्रस्ताव पुढे नेण्यास कचरतात.

यापेक्षा कमी खर्चाचा मार्ग जुन्या प्रशासनाने वापरला होता. ज्युलियन कॉटनने १९०५ मध्ये मद्रास इलाख्यातील आणि क्रॉफ्टनने १९३२ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांच्या याद्या सिद्ध केल्या. दगड झिजले तरी मजकूर टिकला. विदर्भाच्या अभ्यासकास त्याचा आजही उपयोग होतो. अशा यादीत युरोपीय नावांचाच भरणा होता, ही तिची मर्यादा. उर्दू, मराठी, हिब्रू आणि पोर्तुगीज लेखांची तशीच यादी प्रभागनिहाय करण्यासाठी महापालिकेला स्वतंत्र कायदा नको. मालमत्ता विभागाचा एक लिपिक, जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग आणि दफनभूमीच्या विश्वस्तांची लेखी परवानगी पुरे होते.